एकांकिकेचे संवाद पाठ होत नाहीत? आधी एवढंच कर

अरे, घाबरू नकोस. संवाद मनात नको, मोठ्याने म्हण. जीभ जिथे अडखळते, नेमकं तेच वाक्य रंगमंचावर निसटतं. तात्पुरत्या स्मरणात साधारण 2 सेकंदांत उच्चारता येईल तेवढंच मावतं. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्येच हे दाखवलं. म्हणून:

- ‘कर्तव्यपराङ्मुख’सारखा शब्द आधी तोडून म्हण: कर्तव्य, पराङ्, मुख. जीभ वळली की पुढचं वाक्य आपोआप मोकळं होतं.
- एका दमात बसेल एवढाच तुकडा घे.
- पाठ करताना गाणं गुणगुणू नकोस.

नवीन मुलं रात्रभर घोकतात आणि सकाळी तालमीत कोरी असतात. पात्र ते वाक्य का बोलतंय, हे आधी समजून घे. मी आजही ठाण्याच्या तलावपाळीला फेऱ्या मारत पुटपुटतो, लोक बघतात, बघू देत. शनिवारी पहिली दोन पानं ऐकव.