‘होलसम’ : आधी आत्मा, मग शरीर

प्रश्न : ‘होलसम’ हे इंग्रजी विशेषण अन्नालाही लावतात आणि विनोदालाही. त्याचा मूळ अर्थ ‘पौष्टिक’ असून विनोदापर्यंत तो लक्षणेने पोहोचला, असे समजावे काय? आणि त्यातला ‘होल’ म्हणजे ‘संपूर्ण’ हाच शब्द का?

उत्तर : शब्द तोच आहे, मात्र जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘हाल’ असे होते आणि त्याचा अर्थ ‘धडधाकट, अव्यंग, निरोगी’ असा होता. ज्यात काही तुटलेले वा उणे नाही ते निरोगी, ही त्यामागची धारणा. ‘हील’, ‘हेल्थ’ आणि ‘पवित्र’ या अर्थाचा ‘होली’ हे शब्द याच कुळातले. ‘होल’च्या लेखनातले अनुच्चारित ‘डब्ल्यू’ हे अक्षर पंधराव्या शतकात आले, त्यामुळे ही भावंडे डोळ्यांना परकी वाटू लागली. ‘सम’ हा प्रत्यय ‘हँडसम’, ‘लोनसम’ यांतलाच; त्याचे दूरचे नाते संस्कृत ‘सम’शी आहे, म्हणजे येथे ध्वनिसाम्य फसवे नाही. जर्मनमधला ‘हाइलझाम’ हा शब्दही याच घडणीचा आहे.

लक्षणेबद्दलचा आपला तर्क स्वाभाविक असला, तरी लेखी पुरावा उलट दिशेने जातो. हा शब्द इ. स. १२०० च्या सुमारास प्रथम आढळतो तो ‘आत्म्याला हितकर’ या अर्थाने. ‘शरीराला हितकर’ हा अर्थ चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. त्यामुळे मन प्रसन्न करणाऱ्या, कोणालाही न दुखावणाऱ्या विनोदाला ‘होलसम’ म्हणणे ही अलीकडची ओढाताण नसून शब्दाच्या मूळ वृत्तीला धरूनच आहे.

‘पौष्टिक’ हा प्रतिशब्द मला म्हणूनच अपुरा वाटतो, कारण तो अन्नापाशीच थांबतो. ‘हेल्दी’ आणि ‘होलसम’ यांतही भेद राखावा : पहिला शब्द मुख्यतः प्रकृतीची स्थिती सांगतो, तर दुसरा ती स्थिती ज्याने लाभते त्याचा गुण सांगतो. या दृष्टीने ‘पथ्य’ हा शब्द फार जवळचा आहे. ‘पथ’ म्हणजे मार्ग. त्यापासून न ढळणारे ते पथ्य, आणि संस्कृतात हे विशेषण आहाराप्रमाणेच हितकर वचनालाही लागते. मराठीत मात्र ‘पथ्य’ म्हटले की खाण्यापिण्यावरचे निर्बंधच आठवतात, म्हणून अन्नासाठी ‘हितकर’ आणि विनोद, वाचन, सहवास यांसाठी ‘निकोप’ असे दोन शब्द मी योजीन.