आधी ते साडेतीनशे रुपये शोधा

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचा प्रश्न आहे. पिकअपची बॉडी त्यांनी वेल्डरकडून मागे दीड फूट वाढवून घेतली, जाळी चढवली, टेल लाइट मूळ जागेवरून काढून नव्या अँगलवर बसवले आणि वर एलईडीची पट्टी लावली. बावीस महिन्यांपूर्वी रात्री कापूस घेऊन कारंज्याला जाताना मागून ट्रकने ठोकलं. माणसं वाचली, पण गाडी उलटली आणि दुरुस्तीला १ लाख ८५ हजार लागले. विमा कंपनीने दोन-तीन महिन्यांनी पत्र पाठवून क्लेम नाकारला. कारण दिलं: मागचे दिवे बंद होते आणि बॉडीत विनापरवाना बदल केला होता. दुरुस्तीत पत्र्याचं काम झालं, मागची वायर मात्र जुनीच राहिली. आता ब्रेक दाबला की टेल लाइट मंद होतो, इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवा मिचमिचतो, बंपरवर थाप मारली की परत नीट लागतो. हंगाम तोंडावर आहे. वायरिंग नवं करू का, आणि केस टाकता येईल का, असं ते विचारतात.

भाऊ, तुम्ही दोन पानं लिहिलीत. वेल्डरने किती घेतले, एजंट कितीदा ‘होऊन जाईल’ म्हणाला, सगळं लिहिलं. नकाराच्या पत्राची तारीख तेवढी लिहिली नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. ती नकाराचं पत्र मिळाल्यापासून मोजावी असं आपण म्हणू. कंपनीचा वकील अपघाताच्या दिवसापासून मोजेल. म्हणून हातात दोनच महिने आहेत असं धरून चला. एजंटकडे मारलेल्या चकरा आणि कंपनीला पाठवलेली स्मरणपत्रं यांनी मुदत एक दिवसही वाढत नाही. अशा ‘होऊन जाईल’वर विसंबून दोन वर्षं घालवलेली माणसं माझ्याकडे दर हंगामात येतात, आणि त्यातल्या काहींना परत पाठवताना मला फार वाईट वाटतं. पत्राचं पाकीट असेल तर जपा, त्यावरचा पोस्टाचा शिक्का कामाचा आहे.

आता मुख्य गोष्ट. तुमचं प्रकरण पॉलिसीतल्या एका अटीवर उभं आहे. बहुतेक पॅकेज पॉलिसींत (ज्यात आपल्या गाडीचं नुकसानही भरून मिळतं) ही अट असते: विमाधारकाने वाहनाचं नुकसान होऊ नये म्हणून वाजवी ती सर्व काळजी घ्यावी आणि वाहन सुस्थितीत ठेवावं. कंपनी ‘दिवे बंद होते’ म्हणते ते याच अटीच्या जोरावर. आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय की अपघाताआधी महिनाभर लाइट असाच करत होता. हे लपवा असं मी सांगणार नाही, तक्रारीसोबत तुमचं शपथपत्र जाणार आहे. पण त्याच्याच पुढे तुम्ही सहज एक ओळ लिहून गेलात: ‘पंधरा दिवस आधी वायरमनला दाखवलं होतं, त्याने साडेतीनशे घेतले.’ भाऊ, तुमची सगळी केस या ओळीत आहे. दिवा कधी ना कधी प्रत्येक गाडीचा बिघडतो, अट फक्त वाजवी काळजी मागते. बिघाड कळल्यावर तुम्ही पैसे देऊन दुरुस्त करून घेतला असेल, तर तुम्ही काळजी घेतली. बिल नाही म्हणता. पैसे फोनपेवरून दिले असतील तर त्या महिन्याचं बँकेचं स्टेटमेंट काढा, साडेतीनशेची नोंद सापडेल. त्या वायरमनकडून शपथपत्र घ्या: कोणत्या तारखेला, काय बिघडलं होतं, काय बदललं, गाडी दिली तेव्हा दिवे लागत होते का. रोख दिले असतील तर या शपथपत्रावरच सगळा भार येईल, म्हणून त्याला आजच गाठा.

वायरिंग बदलाच, पण आधी आहे तशी नोंद करून घ्या. तुम्ही सांगता ती लक्षणं अर्थिंग, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, सैल असल्याची वाटतात. दिव्याची काळी वायर रंगवलेल्या अँगलवर स्क्रूने आवळलेली असेल, खाली गंज धरला असेल. परतीचा रस्ता नीट मिळाला नाही की वीज दुसऱ्या दिव्याच्या तारेतून वाट काढते, म्हणून ब्रेक दाबला की टेल लाइट मंद होतो. वायरमनला बॅटरीच्या निगेटिव्हवरून दिव्याच्या अर्थपर्यंत एक वेगळी वायर लावून बघायला सांगा. दिवे लगेच नीट लागले तर दोष अर्थिंगचा. हे करताना सलग व्हिडिओ काढा, नंबर प्लेट त्यात दिसली पाहिजे, आणि मूळ फोन विकू नका. यातून अपघाताच्या रात्री काय झालं ते सिद्ध होईल असं नाही, बावीस महिने मोठा काळ आहे. पण दोष मधूनमधून येणारा होता, दिवे कायमचे बंद नव्हते, एवढं तरी समोर ठेवता येईल.

कोठ्यात फुटका दिवा पडलाय असं लिहिलंय. तो टाकू नका, पुसूही नका. त्यात साधा बल्ब असेल तर आतली तार बघण्यासारखी असते. धडकेच्या वेळी बल्ब पेटलेला असेल तर गरम तार ताणली जाते, वेटोळं सुटतं. बंद असेल तर ती सहसा कट्कन तुटते. तज्ज्ञाला हे ओळखता येतं. निकाल तुमच्या विरुद्धही जाऊ शकतो, शिवाय दिवा इतके दिवस सील न करता पडलाय. कागदात गुंडाळून वकिलाकडे द्या, वापरायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या.

बॉडीच्या बदलाबद्दल मला तुमची बाजू घेता येत नाही. आरसीवरचा तपशील गाडी बनवणाऱ्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, दोन्हीही होऊ शकतात. ‘सगळेच करतात भाऊ’ या वेल्डरच्या बोलण्यावर तुम्ही लाखाची गाडी सोपवलीत. बदलानंतर आरटीओकडे गाडीची फिटनेस तपासणी (पासिंग) झाली असेल तर तो कागद आणा. पण पासिंगच्या दिवशी जाळी उतरवून नेली असेल, तर तो कागद पुढे करू नका.

एवढ्याने क्लेम पूर्ण बुडेलच असंही नाही. अटीचा भंग झाला तरी ७५ टक्के रक्कम दिल्याचे निकाल आहेत, २०१० चा अमलेंदू साहू प्रकरणाचा निकाल त्यातला. तुमच्या बाबतीत तो लागू होईल का, हे दिव्यांची जागा बदलल्याने अपघात झाला का यावर ठरेल, आणि ते मी इथे बसून सांगू शकत नाही. कंपनीला पत्रात न लिहिलेलं नवं कारण ग्राहक आयोगापुढे सहसा काढता येत नाही, म्हणून पत्रातला शब्दन् शब्द महत्त्वाचा. मालवाहू गाडी म्हणजे व्यापारी वापर, तुम्ही ग्राहकच नाही, असंही ते म्हणतील. त्याला उत्तर आहे: विमा नुकसान भरून घेण्यासाठी असतो, नफ्यासाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे.

ट्रकवाल्याकडून नुकसान मागण्याची सहा महिन्यांची मुदत तुम्ही केव्हाच घालवली. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, आणि केवळ उशिरामुळे असे अर्ज फेटाळू नका असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला होता. आज काय स्थिती आहे ते वकिलाला विचारा, पण नुसती त्यावर आशा लावून बसू नका.

विमा कंपनीविरुद्धची तक्रार यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात टाकता येते, तुम्ही राहता तो जिल्हा चालतो. तुमच्याएवढ्या विम्याच्या हप्त्याला तक्रारीची फी लागत नाही. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लिहिलाय, प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि शेतकऱ्याचा दिवस मोडतो. मनाची तयारी ठेवा. पॉलिसी, आरसी, नकाराचं पत्र, पाकीट, बँकेचं स्टेटमेंट आणि दुरुस्तीची बिलं घेऊन या आठवड्यात वकील गाठा.

आणि दिवे नीट होईपर्यंत कापूस दिवसाच न्या. मागे फुगलेला कापूस आणि लोंबणारी ताडपत्री दिव्यांवर येऊ देऊ नका.