विमानप्रवासाचा वेळ काढताना अंतराला विमानाच्या वेगाने भागले की काम संपत नाही
दोन विमानतळांमधले अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका; पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळचा मार्ग नकाशावर बहुधा ध्रुवाकडे वाकलेला दिसतो. लंडन ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर आहे आणि त्याला ताशी ९०० किलोमीटरने भागले तर सहा तासांहून थोडे अधिक येतात; प्रत्यक्षात मात्र जाताना जेट प्रवाह, म्हणजे उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा, समोरून येत असल्याने साधारण आठ तास लागतात, आणि परतताना तोच वारा पाठीशी असल्याने सात. तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, हे तर नवखे हमखास विसरतात: लंडनहून दुपारी १२ला निघून न्यूयॉर्कला ३ला उतरणे म्हणजे तीन तासांचा प्रवास नव्हे, तिथले घड्याळ एरवी पाच तास मागे असते. धावपट्टीपर्यंतची रांगही त्या आठ तासांतच धरलेली असते.