पट्टेदार प्लेको ओळखताना आधी तोंड पाहावे

'झेब्रा प्लेको' (प्लेको म्हणजे तोंडाने काचेला, लाकडाला चिकटणारा मत्स्यालयातला मासा) म्हणून घेतलेला पाच सेंटिमीटरचा मासा तपकिरी का दिसतो, लाकडाखालून बाहेर का येत नाही आणि गोठवलेल्या ब्लडवर्मला, म्हणजे खाद्य म्हणून मिळणाऱ्या लाल अळ्यांना, तोंड का लावत नाही, असे आपण विचारले आहे. छायाचित्र पाहता हा झेब्रा नसून व्हेनेझुएलातील ओरिनोको खोऱ्यातला क्लाउन प्लेको, म्हणजे पॅनाकोलस मॅकस, असावा असे मला वाटते. मात्र केवळ पट्ट्यांवर विसंबू नये, कारण वयानुसार, भीतीने आणि टाकीच्या तळाच्या रंगानुसार पट्टे फिके-गडद होतात.

विक्रेते सांगतात त्या 'एल' क्रमांकावरूनही निर्णय होत नाही. १९८८ साली एका जर्मन मासिकाने लोरिकॅरिडी या प्लेकोंच्या कुळातील अजून शास्त्रीय नाव न मिळालेल्या माशांना हे क्रमांक देण्यास सुरुवात केली. क्रमांक मिळतो तो छायाचित्राला आणि मासा सापडल्याच्या ठिकाणाला. त्यामुळे एकाच जातीला दोन क्रमांक असू शकतात. खऱ्या झेब्राचेच, म्हणजे हायपॅन्सिस्ट्रस झेब्राचे, एल ०४६ आणि एल ०९८ असे दोन क्रमांक आहेत.

खात्री करायची असेल तर रात्री दिवे मालवल्यावर दुधीची पातळ चकती पुढच्या काचेला टेकवून ठेवावी आणि मासा काचेला चिकटला की टॉर्चवर लाल कागद लावून खालून त्याचे तोंड पाहावे. क्लाउन प्लेकोच्या दातांची टोके चमच्यासारखी पसरट असतात आणि खालच्या जबड्यातील दातांच्या दोन ओळी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या अरुंद कोनात मिळतात. ही लाकूड तासायची हत्यारे आहेत. हायपॅन्सिस्ट्रसच्या, म्हणजे झेब्राच्या गटातील माशांच्या, जबड्यात दात मोजकेच असतात आणि खालचे दात वरच्यांपेक्षा स्पष्टपणे लांब असतात. खऱ्या झेब्राचा रंगही तपकिरी-पिवळसर नसून शुभ्र पांढरा आणि काळा असतो, आणि त्याच्या नाकाडावर इंग्रजी ई अक्षरासारखी खूण दिसते. आणखी एक शक्यता काढून टाकावी: पाठीवरच्या पराचे मऊ काटे मोजावेत, ते दहा किंवा अधिक भरले तर तो टेरिगोप्लिक्थिस, म्हणजे बाजारातला नेहमीचा सकर, जो पुढे फूटभराहून मोठा होतो. तो कोणत्याही परिस्थितीत नदीत किंवा तलावात सोडू नये. आपल्या देशातील अनेक जलाशयांत तो आधीच पसरलेला आहे.

ओळखीवर मी इतका भर देतो याला कारण आहे. अनेक वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने झेब्राची पिल्ले म्हणून दिलेले तीन पट्टेदार मासे मी केवळ मांसाहारावर ठेवले. महिनाभरात त्यांची पोटे आत गेली, डोळे खोल दिसू लागले, आणि माझ्या लक्षात येईपर्यंत एक दगावला. उरलेल्या दोघांना ड्रिफ्टवुडचा, म्हणजे टाकीत ठेवायच्या लाकडाचा, तुकडा आणि उकडलेली काकडी दिल्यावर ते सावरले. आपल्या माशाचे पोट रोज पाहावे. ते आत गेलेले दिसले तर वाट पाहू नये.

तो क्लाउन ठरला तर टाकीत लाकूड कायम हवे, आणि त्यासोबत काकडी, दुधी, शैवालयुक्त वड्याही हव्यात. लाकूड कुरतडणाऱ्या या गटातील माशांवर झालेल्या अभ्यासात दिसले की गिळलेले लाकूड चार तासांच्या आत आतड्यातून बाहेर पडते आणि त्यातील सेल्युलोजचे पचन फारसे होत नाही. म्हणून केवळ लाकडावर त्याचे पोट भरेल असे समजू नये. विष्ठेचा भुसा फिल्टरचा स्पंज लवकर भरतो, तो दर आठवड्याला टाकीच्याच पाण्यात धुवावा. तापमान २४ ते २८ अंश पुरेसे आहे, पण पुण्याच्या डिसेंबरात हिटर लागेलच. बोअरवेलचे पाणी कठीण असेल तर त्यात आरओचे पाणी मिसळावे.

झेब्रा ठरला तर मात्र २८ ते ३० अंश, जोराचा प्रवाह आणि मुख्यतः मांसाहार हवा. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप ही त्याच्यासाठी चैन नाही. हा मासा ब्राझीलमधील शिंगू नदीच्या मोठ्या वळणातच सापडतो आणि बेलो मोंते धरणाने त्या वळणातले पाणी कमी केले आहे. ब्राझीलने त्याची निर्यात फार पूर्वीच बंद केली. २०२२ साली त्याचा समावेश साइट्सच्या, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात करण्याचा निर्णय झाला. साइट्सच्या सूचीतील प्राणी बाळगणाऱ्यांसाठी वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणीची तरतूद केली आहे. म्हणून कागदपत्रांशिवाय स्वस्तात मिळणारा 'झेब्रा' घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तोंडाचे छायाचित्र मिळाले की ते येथे टाकावे, सोबत टाकीचे लिटर, पाण्याचे टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) आणि तापमानही लिहावे. तोपर्यंत आजच रात्री लाकडाजवळ काकडीची चकती ठेवावी आणि सकाळी उरलेली काढून टाकावी.