राजीनाम्याची घाई कुणाला?

तुमचा मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअर, पुण्यात नोकरीला. कंपनीने मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या संस्थांचे प्रचंड व्यवहार सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, प्रोजेक्टवर घेतलंय आणि तो तिथे रमलाय. 'एका वेळी एकच काम करणाऱ्या जुनाट मशीनवर' त्याचं आयुष्य वाया जाईल, म्हणून त्याने राजीनामा देऊन गेटची, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेची, तयारी करावी, नाहीतर बोलणं बंद, असं तुम्ही त्याला बजावलंय.

मला काळजी वाटते ती या 'बोलणं बंद'ची. तुमच्या पत्रात पुतण्याचं पॅकेज दोनदा आलंय. मुलाच्या कामाबद्दल मात्र एवढंच : 'सबटास्कचं काहीतरी सांगत असतो.' तो सांगतोय आणि तुम्ही ऐकत नाही आहात. कमावत्या मुलाला अबोल्याची धमकी देणं मला अजिबात पटलेलं नाही.

आणि 'एका वेळी एकच काम' हा तर निव्वळ गैरसमज. आयबीएमने सिस्टिम/360 ही मेनफ्रेम जाहीर केली 1964 साली. एका प्रोग्राममधून अनेक टास्क, म्हणजे स्वतंत्र कामं, एकाच वेळी चालवण्याची सोय त्याच दशकात तिथे आली. आजही झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर असेम्ब्लर भाषेतल्या अटॅच या तयार आदेशाने (मॅक्रोने) सबटास्क, म्हणजे मुख्य टास्कच्या हाताखालचा वेगळा टास्क, सुरू करता येतो. मुख्य टास्क आपलं काम करत राहतो, सबटास्कचा निकाल हवा असेल तिथे थांबतो (वेट). सबटास्क संपला की सिस्टिम इशारा देऊन (पोस्ट) कळवते. खरी परीक्षा पुढे आहे. दोन टास्कनी एकाच वेळी नोंदी मोजणारा काउंटर वाचला, दोघांना 500 दिसले, दोघांनी 501 लिहिले. एक नोंद गायब. ते टाळायला एन्क्यू-डेक्यू : एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला थांबवायचं, मग वाट मोकळी करायची. सीआयसीएस या मेनफ्रेमवर व्यवहार हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर प्रोग्राम थ्रेडसेफ, म्हणजे अनेक टास्कनी एकाच वेळी वापरायला सुरक्षित, जाहीर करण्याआधी सामायिक मेमरीला कुठे कुठे हात लागतो, ते प्रोग्रामरलाच शोधावं लागतं. ही नजर एकदा आली की जावासारख्या भाषेतही कामी येते. याला जुनाट म्हणू नका.

धोका वेगळाच आहे. रात्रपाळीत अबेंड झालेले, म्हणजे मध्येच बंद पडलेले, जॉब रीस्टार्ट करणं एवढंच काम वर्षानुवर्षं करत राहिला, तर तो अडकेल. त्याने मॅनेजरकडे डेव्हलपमेंटचं काम स्पष्ट मागावं, असेम्ब्लर आणि सीआयसीएस पक्कं करावं. मिळालंच नाही, तर कंपनी बदलावी.

गेट नोकरी सांभाळूनही देता येते, स्कोअर तीन वर्षं चालतो. पण द्यायची की नाही, हे तो ठरवेल. पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या. तुम्ही आज त्याला फोन करा, ती अट मागे घ्या आणि सबटास्क म्हणजे काय ते विचारा.