समुद्रात गेलेल्या सैनिकाची आठवण घरात कशी ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की आजोबांचे भाऊ 1971 च्या युद्धात बोटीबरोबर गेले, देह मिळाला नाही, आणि त्यांना पाहिलेलं घरात आता एकच माणूस उरलंय. आमच्या ठाण्याच्या घरातही असंच आहे. माझे धाकटे आजोबा खुकरी या युद्धनौकेवर होते.

आधी त्या उरलेल्या माणसाजवळ जाऊन बसा. बाकीचं सगळं नंतर करता येईल, हे नाही.

9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आयएनएस खुकरीवर टॉर्पेडो डागला आणि काही मिनिटांत बोट बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला बोट सोडून निघाले नाहीत, त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही तोंडपाठ. पण धाकटे आजोबा कसे होते, चिडायचे का, काय आवडीने खायचे, हे कुणालाच धड सांगता यायचं नाही. बोटीची गोष्ट एवढी मोठी की तिच्यात आपला माणूस दिसेनासा होतो. मला याचं फार वाईट वाटायचं.

चेंदणीला राहणाऱ्या त्यांच्या बहिणीला, म्हणजे आमच्या आत्याआजीला, शेवटी सगळं नीट विचारलं. तिने ट्रंकेतून पत्रं काढली. पाठवणाऱ्याचा पत्ता फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. अक्षर बारीक, शेवटच्या ओळी जागा पुरेना म्हणून कडेने उभ्या लिहिलेल्या. युद्धाचं अवाक्षर नाही. मनीऑर्डर पोचली का, पडवीची कौलं शाकारून घेतली का, आणि हिची शाळा बंद करू नका, हे तर दोनदा लिहिलेलं. ती मॅट्रिक झाली ती त्या पत्रांच्या जोरावर. फोटोला हार घालताना आम्ही आता मुलांना हे सांगतो. तुम्हीही फोनवर रेकॉर्ड करून घ्या. मध्येच थांबवून तारखा विचारू नका, बोलणारं माणूस बावरतं.

धार्मिक बाजूही विचारलीत. देह नसला म्हणून श्राद्ध अडत नाही. अशांसाठी पालाशविधी आहे, प्रतीकात्मक देह करून त्यावर संस्कार करतात. तेव्हा राहून गेला असेल तर गुरुजींशी बोला. पितृपक्षातल्या चतुर्दशीला शस्त्रादिहतांचं श्राद्ध असतं, पंचांगात तसं छापलेलंच असतं. आत्याआजी याशिवाय नारळी पौर्णिमेला खाडीत त्यांच्या नावाचा वेगळा नारळ सोडते. कुठल्या पोथीत आहे हे तिला कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये.

दीवला घरच्यांना घेऊन एकदा जाच. समुद्राकडे तोंड केलेल्या टेकाडावर खुकरीचं स्मारक आहे, काचेच्या घरात बोटीची प्रतिकृती. त्याच नावाची पुढची युद्धनौका, आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली, 2021 च्या डिसेंबरात निवृत्त झाली. तीही आता दीवलाच आहे, लोकांना बघण्यासाठी. तुमचे आजोबा दुसऱ्या बोटीवर असतील तरी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यांचं नाव शोधा. तिथे त्यागचक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या विटांवर नावं कोरलेली आहेत. आत्याआजीने तिथे नावावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. आम्हीही घाई केली नाही.

कागदपत्रांसाठी दिल्ली गाठावी लागत नाही. नौसैनिकांच्या नोंदी सांभाळणारा ब्युरो ऑफ सेलर्स मुंबईतच मानखुर्दला चीता कॅम्पमध्ये आहे. अर्ज कसा लिहायचा हे ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. जाण्याआधी घरातले पेन्शनचे जुने कागद चाळा, सेवा क्रमांक बहुधा त्यातच मिळेल. क्रमांक हाताशी असला तर नावाच्या स्पेलिंगवरून होणारा घोळ टळतो.