टीव्हीच्या मीडिया प्लेअरवर लॅपटॉप दिसतो, पण पासवर्ड बरोबर टाकूनही शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही. काय करू?

लॅपटॉप पिन टाकून उघडता का? मग तुम्ही प्लेअरवरही तोच पिन टाकत असणार. मी टाकत होतो. दीड तास, अख्ख्या घरासमोर.

गौरीजेवणाचा दिवस होता. ताईच्या लग्नाची १९९४ची व्हीएचएस कॅसेट मी डिजिटल करून आणली होती, साडेसहा जीबीची एकच फाइल. पुरणपोळीने जड झालेली वीस माणसं टीव्हीसमोर सतरंजीवर बसलेली. प्लेअरला लॅपटॉप सापडत होता, फोल्डरवर गेलं की युजरनेम-पासवर्ड. रिमोटच्या बाणांनी एकेक आकडा गाठायचा, ओके दाबायचं, की परत तीच चौकट. आत्या म्हणाली, "अरे, प्रत्यक्ष लग्न लागायलाही एवढा वेळ लागला नव्हता."

दाजी, म्हणजे त्या कॅसेटमधले नवरदेव, पूर्वी मिरजेत कॉम्प्युटर क्लास चालवायचे. ते म्हणाले, "पेनड्राइव्हवर घे आणि लाव. नेटवर्क-बिटवर्क ऑफिसात ठीक आहे." जावयाचा शब्द, त्यामुळे आईचं लगेच, "ऐक की त्यांचं." ऐकलं. त्यांचाच ३२ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावला, तर विंडोज म्हणतं फाइल फार मोठी आहे. फॅट३२ होता तो, म्हणजे फाइली साठवायची जुनी मांडणी, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. जन्मभर कॉम्प्युटर शिकवलेल्या माणसाला हे सुचू नये? पण बोलणी मलाच बसली: "तू साधी गोष्ट अवघड करून ठेवतोस." सगळे उठून चहाला गेले.

रात्री एक वाजता डोक्यात प्रकाश पडला. पिन फक्त त्या लॅपटॉपपुरता असतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर युजरनेमच्या जागी ईमेल. माझा पासवर्ड मलाच आठवेना. मग विंडोजमध्ये 'टीव्ही' नावाचा वेगळा लोकल युजर केला, पासवर्ड सगळा लहान लिपीत, रिमोटवर पटकन टाकता येईल असा. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये त्या युजरला वाचायची परवानगी दोन ठिकाणी द्यावी लागते, शेअरिंगमध्ये आणि सिक्युरिटीमध्ये. दुसरी लोक विसरतात आणि मग राउटरला शिव्या घालतात. प्लेअरवर नवीन नाव, नवीन पासवर्ड टाकला, आणि अंतरपाट दिसला. मंगलाष्टकं मी एकट्याने आवाज बंद ठेवून पाहिली, घर झोपलं होतं.

सकाळी दाजी निघून गेलेले. त्यांच्या लेखी ते अजूनही चाललेलंच नाही.

तुमचं पिनचं नसेल तर: वायफाय विंडोजमध्ये 'पब्लिक' ठेवलंय का ते बघा, 'प्रायव्हेट' करा. लॅपटॉप झोपू देऊ नका. प्लेअर फार जुना असेल तर त्याला फक्त एसएमबी १, म्हणजे नेटवर्कवरून फाइली शेअर करायची जुनी पद्धत, येत असेल, आणि २०१७च्या शेवटी आलेल्या १७०९ आवृत्तीपासून विंडोज १० नव्याने टाकलं की ते मुळात बंदच असतं. ते चालू करा असं सांगणारे शंभर जण भेटतील. करू नका. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच दारातून. (मीही त्या रात्री वैतागून चालू केलं होतं, काडीचा उपयोग झाला नाही, बंद केलं.) आणि विंडोज ११ प्रोवर २४एच२ ही आवृत्ती आली असेल तर पासवर्डशिवाय गेस्ट म्हणून शिरायचा जुना जुगाडही विसरा.

वेगळा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडायचा फाइलींचा डबा, घ्या म्हणून कोणी सांगेल. एका टीव्हीसाठी नॅस म्हणजे पैसे उधळणं. घरात चार जण चार खोल्यांत बघत असतील तर गोष्ट वेगळी.

आणि हो, पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला असता तर फाइल त्यावर बसली असती. हे मला नंतर कळलं. माझा प्लेअर एक्सफॅट वाचतो की नाही, हे मी मुद्दामच तपासलेलं नाही.